फिरंग्यांच्या थडग्यांवरील घुमट

पर्वत पाटिया हे नाव ऐकून कोणी सुरतेच्या पूर्वेस डोंगर शोधू लागेल तर त्याची फसगत व्हावयाची. पर्वत हे तेथल्या जुन्या गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे गुजरातीत गावाची पाटी लावलेला रस्त्यावरचा फाटा. गाव केव्हाच शहराच्या पोटात गेले. फाट्यावर आज साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेंपो, उंच इमारती आणि बसच्या रांगा आहेत. शेजारच्या लिंबायतेत आणि त्यापलीकडे उधन्याच्या बाजूस खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे हजारोंनी राहतात. त्यांतल्याच काही मंडळींच्या आग्रहावरून मी महिन्यातून दोन रविवार बडोद्याहून तेथे संगीताचे वर्ग घ्यावयास जातो.

या वर्गात एक मुलगा व्हायोलिन शिकतो. हात चांगला आहे. त्याचे आजोबा फी देतात, आणि फी देणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार असतोच. एका रविवारी ते मला म्हणाले, ‘मास्तर, हे ख्रिस्त्यांचे वाद्य. सनई शिकवा म्हणावे, तर शेजारचे म्हणतात ती मुसलमानांकडून आली. पेटी साहेबाची. मग शुद्ध आपले असे काय ते तरी शिकवा! मी पैसे त्याचेच देईन.’ म्हातारबुवा रागावून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. मी म्हटले, ‘आजोबा, जेवण झाल्यावर माझ्याबरोबर कातारगाम दरवाज्यापर्यंत चला. तेथे दाखवितो.’

कातारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर डच व आर्मेनियन लोकांची. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत या सर्व जागा आहेत. बडोद्याचे लोक सुरतेस घारी खावयास जातात, कापड आणावयास जातात, पण इकडे सहसा कोणी फिरकत नाही. आत शिरल्यावर पहिला विचार मनात येतो तो असा, की आपण चुकून एखाद्या मोगल सरदाराच्या रोजाशी येऊन पोहोचलो. घुमट, कमानी, वर जाणारे जिने, सज्जे. शिलालेख पाहावा तर तो लॅटिनमध्ये!

यांतील सर्वांत भव्य इमारत ऑक्झेंडन बंधूंची. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ साली वारला. त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन, जो सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट होता, तो १६६९ च्या जुलैत वारला. दोघांवर मिळून जे स्मारक उभे आहे त्याची उंची सुमारे ४० फूट आणि व्यास सुमारे २५ फूट. जाडजूड खांबांवर एकावर एक असे दोन घुमट आणि त्यांभोवती फिरता येईल असे सज्जे. ख्रिस्तोफरच्या लेखात एक गंमत आहे. लेख लिहिणारा हाडाचा व्यापारी असावा. मृत्यूने हिशेब तपासावयास अवेळी बोलावले, वहीत वर्षांऐवजी दिवसच मांडता आले, मालकांच्या वाट्यास शोक जमा झाला, अशा जमाखर्चाच्या भाषेत सगळे दुःख सांगितले आहे. खाली रोमन लोकांची भाषा आणि लंडनची हिशेबवही, वर अहमदाबाद-विजापुराकडे शोभावा असा घुमट.

जॉर्ज ऑक्झेंडन हे नाव आपल्याला अनोळखी नाही. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवून ठेवणारा तो हाच. मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला असता मूठभर इंग्रजांनी वखार राखली, म्हणून औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सूट दिली. याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन पुढे दहा वर्षांनी, १६७४ च्या जूनमध्ये, राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर नजराणा घेऊन हजर होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत आपले इतिहासकार आजही चाळतात. म्हणजे ज्या माणसाच्या थडग्यासमोर आम्ही उभे होतो त्याचा आपल्या इतिहासाशी शत्रू म्हणून आणि त्याच्या आप्ताचा पाहुणा म्हणून संबंध. आजोबांना हे ऐकून जरा बरे वाटले. थडग्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, ‘पण साहेबाला घुमट कशाला हवा होता?’

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्या काळी इंग्लंडात प्रतिष्ठित व्यापारी वारला तर गावच्या देवळात त्याला पुरीत आणि भिंतीवर एखादी कोरीव शिळा बसवीत. मोकळ्या मैदानात स्वतंत्र इमारत बांधून तिच्याखाली निजण्याची चाल तिकडे नव्हती. ती चाल होती ती येथली: सुलतानांची, सरदारांची, पीरांची. वखारीचा प्रेसिडेंट जिवंतपणी सुरतेच्या रस्त्यातून निघे तो निशाणे, घोडे आणि चोपदार घेऊन निघे, कारण त्याशिवाय त्याला येथे कोणी मोठा माणूस मानले नसते. मेल्यावरही तोच व्यवहार चालू राहिला. लॅटिन वाचणारे सुरतेत किती असणार? घुमट मात्र गाडीवानालाही वाचता येत होता. शिवाय विटा येथल्या, चुना येथला, गवंडी येथले; घुमट बांधण्यात त्यांचा हात पिढ्यान् पिढ्या बसलेला. त्यांना लंडनच्या देवळाचा नकाशा देण्यापेक्षा त्यांच्या सवयीचे काम सांगणे स्वस्त आणि शहाणपणाचे.

डचांना हे पाहवले नाही. हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे हा त्यांचा बडा अधिकारी १६९१ च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला आणि १६९२ च्या जानेवारीच्या आरंभी त्याला सुरतेत आणून पुरले. त्याच्यावरची इमारत इंग्रजांच्या इमारतीवर ताण करावी म्हणूनच बांधली, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. आणि इमारत पाहिल्यावर ती खोटी म्हणवत नाही. दुहेरी घुमट, वरखाली सज्जे, देखणे खांब. एके काळी आत भिंतींवर रंगीत चित्रे, घराण्याची चिन्हे आणि बायबलातील वचने होती, आणि खिडक्यांना लाकडी नक्षीकाम होते. दोन ख्रिस्ती कंपन्यांची चढाओढ, आणि ती लढविली गेली मुसलमानी घुमटांनी!

या व्हान रेडेविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तो आपल्या अधिक जवळचा आहे. हा माणूस मलबारात डचांचा सेनानी होता, पण त्याचे नाव राहिले ते झाडांमुळे. ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा मलबारातील वनस्पतींवरचा त्याचा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. इट्टी अच्युतन नावाच्या मलबारी वैद्याने त्यास माहिती पुरविली, आणि त्याच्याबरोबर कोचीनचे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही या कामास होते. त्यांची नावे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. त्यांनी १६७५ साली दिलेला कोकणी भाषेतील दाखला नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेला आहे. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला एकच वर्ष झाले असता लिहिलेली ही आपली अक्षरे हॉलंडात तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली, आणि ज्याने ती कोरवून घेतली तो येथे कातारगामात घुमटाखाली निजला आहे. शेवटचे खंड बाहेर पडलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

देवाणघेवाण एकाच दिशेने चालली होती असे मात्र कोणी समजू नये. तापीकाठचा सुरतेचा किल्ला पाहा. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरत वरचेवर जाळली, म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेने खुदावंदखानाने १५४० नंतरच्या काही वर्षांत हा किल्ला बांधला. मोगल काळातील फारसी तवारिखांत लिहिले आहे की या किल्ल्यावर त्याने एक चौकंडी उठविली, आणि तिची धाटणी फिरंग्यांच्या मते त्यांच्याच देशातली होती. ती बांधू नये म्हणून पोर्तुगीजांनी आधी बळाचा प्रयोग केला, आणि तो फसल्यावर पैसा देऊ केला. खानाने पैसा घेतला नाही, चौकंडी पुरी केली. ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्याच्याच पद्धतीचा बुरूज! सुरत महानगरपालिकेने आता किल्ल्याची डागडुजी करून आत संग्रहालय केले आहे. कातारगामहून परत येताना जरूर पाहावे.

अकबराने १५७३ साली हाच किल्ला घेतला, आणि त्या वेढ्याच्या वेळी पोर्तुगीजांचा वकील त्याला भेटला. पुढे दोनच वर्षांनी अकबराने हाजी हबीबुल्ला नावाच्या माणसास कारागीर आणि पैसा देऊन गोव्यास धाडले, तिकडच्या कला शिकून या म्हणून. हाजी परतला तो एक ऑर्गन घेऊन. बदायुनी हा इतिहासकार कर्मठ, त्याला दरबारातली नवी थेरे मुळीच पसंत नसत. पण त्यानेही या वाद्याचे वर्णन चवीने केले आहे: माणसाच्या उंचीची पेटी, आत एक फिरंगी बसून वाजवितो, बाहेरून भाते हालविले जातात आणि नाना तऱ्हेचे सूर निघतात. आपल्या घराघरांतल्या पेटीचा हा दूरचा आजा. पेटीचा जन्म पॅरिसमध्ये झाला, १८४२ साली, हे खरे. परंतु भाता आणि सूर यांची जोडी हिंदुस्थानने त्यापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे आधी फतेपूर शिक्रीस ऐकली होती. त्याहीपूर्वी नवव्या शतकात बगदादेत बनू मूसा या तिघा भावांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली होती. आणि युरोपातल्या राजांना ऑर्गन ठाऊक झाला तो आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने भेट पाठविला तेव्हा.

जहांगिराच्या कारकिर्दीत सुरतेच्या बंदरातून आग्र्याकडे एक चमत्कारिक माल गेला: वाजविणारे. १६१३ साली इंग्रजांच्या मंडळींबरोबर रॉबर्ट ट्रली नावाचा कॉर्नेटवाला होता. त्याचे वाद्य ऐकून जहांगीर इतका खूश झाला की त्याने आपल्या कारागिरांकडून तसलीच वाद्ये करवून घेतली आणि दरबारच्या एका वादकास ते शिकविण्याचा हुकूम दिला. त्याच मंडळींतल्या दुसऱ्याने व्हर्जिनल नावाचे पट्ट्यांचे वाद्य वाजविले, त्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही. आवाज फार बारीक. भर दरबारात वाजवावयाचे म्हणजे त्याला गळा हवा! १६१५ साली सर टॉमस रो सुरतेस उतरला. त्याने एक छोटे चित्र जहांगिरास दाखविले, तेव्हा बादशहाच्या चिताऱ्याने त्याच्या पाच नकला केल्या. रात्री दिव्याच्या उजेडात सहाही चित्रे एकत्र मांडली असता आपले कोणते हे ओळखताना रोची तारांबळ उडाली, असे तो स्वतःच लिहितो.

हे सारे झाले मोगल काळातले. पण आजोबांचा प्रश्न व्हायोलिनचा होता, आणि त्यासाठी आणखी पाच-सहाशे वर्षे मागे जावे लागते. तंतूवर गज ओढून वाजविण्याची युक्ती दहाव्या शतकाच्या आधी युरोपास ठाऊक नव्हती. अल् फाराबी हा थोर संगीतशास्त्रज्ञ ९५० च्या सुमारास वारला; त्याच्या ग्रंथात गजाने वाजणाऱ्या वाद्यांचा उल्लेख आहे. मध्य आशियाकडून अरबांकडे, अरबांकडून स्पेनमध्ये आणि बायझंटाईन राज्यातून इटलीकडे असा गजाचा प्रवास झाला. अरबी रबाबाचे तिकडे ‘रेबेक’ झाले, आणि व्हायोलिनच्या पूर्वजांत रेबेकची गणना होते. अरबीतले ‘अल् ऊद’ म्हणजे लाकूड, त्याचेच ‘ल्यूट’. नक्काऱ्याचे जुन्या फ्रेंचात ‘नाकेर’. ज्यांच्याशी धर्मयुद्धे केली त्यांचीच वाद्ये, नावांसकट, ख्रिस्ती सैनिक घरी घेऊन गेले.

स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो, ज्याला त्याची प्रजा शहाणा म्हणे, त्याने तेराव्या शतकात मेरीमातेच्या स्तुतीची चारशेंहून अधिक पदे एकत्र करविली. त्या पोथीत रंगीत चित्रे आहेत. त्यांतल्या एकात पागोटेवाला मूर आणि ख्रिस्ती वादक शेजारी शेजारी बसून एकत्र वाजवीत आहेत. मेरीमातेची पदे, आणि साथीला मुसलमान! आपल्याकडे देवीच्या उत्सवात सनईला कोण बसतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

सिसिलीत त्याआधी शंभर वर्षे दुसरा रॉजर राज्य करीत होता. त्याच्या पालेर्मोच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात भिंतींवर ग्रीक पद्धतीचे ख्रिस्ताचे मोझेक, आणि छत मात्र मधाच्या पोळ्यासारखे कोरलेले, मुसलमान कारागिरांच्या हातचे. त्या छतावर वादक, नर्तकी, मद्याचे पेले धरलेली मंडळी रंगविली आहेत. खाली पाद्री पूजा करणार! याच रॉजरचा लाल रेशमी झगा आज व्हिएन्नात आहे. सिंह उंटांवर झेप घेत आहेत असे जरीचे भरतकाम, आणि काठाशी कूफी अक्षरांत अरबी लेख, त्यात हिजरी सन ५२८. पुढे कित्येक ख्रिस्ती सम्राटांनी हाच झगा अंगावर घेऊन राज्याभिषेक करवून घेतले. फ्रान्समध्ये संत जोसच्या अस्थी ज्या रेशमात गुंडाळल्या होत्या त्यावर खुरासानच्या एका तुर्की सरदाराचे अभीष्ट चिंतिलेले आहे. ते वस्त्र आता लूव्र संग्रहालयात आहे. अक्षरे कोणी वाचत नव्हते. कापड उंची होते एवढे पुरे. पर्वत पाटियाच्या गाळ्यांतून ज्या साड्या देशभर जातात त्यांच्या काठांवरचे कैरी आणि बुट्टे कोठून आले हे तरी कोण विचारतो?

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही सगळेच उसनवारीत काढले. मग आमचे असे काहीच नाही काय? तसे मी म्हणत नाही. वाद्य उसने घेता येते, राग घेता येत नाही. व्हायोलिन आपल्याकडे आले तेव्हा आपण ते मांडी घालून बसविले, त्याच्या तारा आपल्या स्वरांत लावल्या आणि त्याला मींड शिकविली. जेथे मींड शिकविता आली नाही तेथे, म्हणजे पेटीच्या बाबतीत, ती उणीव अजून सलते आहे, आणि पेटीवाल्यांनी रागावू नये, पण ती सलावयास हवी. घेतलेली वस्तू आपल्या कामास लावताना ती बदलते की आपण बदलतो, एवढेच पाहावयाचे असते. सुरतेच्या गवंड्यांनी इंग्रजाला घुमट दिला, तो इंग्रजाने आपल्या पद्धतीने वापरला. घुमट काही त्यामुळे बाटला नाही.

बडोद्याच्या वाचकांस हे मी सांगावे असे नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मँट या इंग्रजाने केला, तो चिझमने १८९० साली पुरा केला. त्यात मुसलमानी घुमट आहेत, हिंदू नक्षी आहे, आणि दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या कारागिरांच्या हातची आहे. मालक मराठा. माझे वडील राजवाड्याच्या नगारखान्यात सनई वाजवीत. संस्थान १९४९ साली विलीन झाल्यावरही सणावाराचे वाजविणे बरीच वर्षे चालू राहिले. वडील त्या शेवटच्या पिढीतले. दरबारच्या बँडातल्या तांब्याच्या मोठ्या केटलड्रमला ते ‘धाकटा नगारा’ म्हणत, आणि बँडवाले त्यावर हसत. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. घोड्यावर बांधलेले असले जोडनगारे युरोपने पंधराव्या शतकात पाहिले. १४५७ साली हंगेरीचे वकील फ्रान्सच्या दरबारी ते घेऊन गेले तेव्हा लोक तोंडात बोट घालून पाहत राहिले. हंगेरीकडे ते आले तुर्कांकडून. नगारा तिकडे गेला, पलटणीत भरती झाला, आणि चारशे वर्षांनी गणवेश चढवून बडोद्यास परत आला.

कातारगामच्या घुमटांचेही असेच काही झाले. १६८३ ते १६८५ या काळात सुरतेच्या वखारीत जॉन व्हानब्रू नावाचा एक तरुण कारकुनी करीत होता. त्याचा बाप्तिस्मा १६६४ च्या जानेवारीत लंडनमध्ये झाला, म्हणजे नेमक्या त्याच महिन्यात, ज्यात शिवाजीमहाराज सुरतेच्या वेशीशी आले. सुरतेत त्याचा जम बसला नाही. परत जाऊन त्याने नाटके लिहिली आणि पुढे, कोणी शिकविले नसताना, इमारतींचे आराखडे करू लागला. कॅसल हॉवर्ड आणि ब्लेनहाइम हे इंग्लंडातले दोन प्रचंड वाडे त्याचेच. १७११ साली लंडनमध्ये पन्नास नवी देवळे बांधावयाची ठरली तेव्हा त्याने सरकारास सुचविले की मृतांना देवळात पुरणे बंद करावे आणि शहराबाहेर मोकळी दफनभूमी करून तेथे इमारती उभाराव्यात, जशी चाल सुरतेत इंग्रजांची आहे. सूचनेबरोबर त्याने सुरतेच्या दफनभूमीचे आठवणीने काढलेले रेखाचित्रही जोडले. तो १७२६ साली वारला. त्यानंतर तीन वर्षांनी कॅसल हॉवर्डच्या माळावर त्याचा जोडीदार हॉक्समूर याच्या आराखड्याप्रमाणे तेथल्या धन्यांसाठी एका स्वतंत्र, खांबांच्या, घुमटाच्या समाधीचे काम सुरू झाले.

हे मी आजोबांना ऑक्झेंडनच्या ओट्यावर बसून सांगितले. त्यांनी विचारले, ‘त्या व्हानब्रूला पगार किती होता?’ मला ठाऊक नव्हते. मुलगा व्हायोलिन शिकावयास येतो आहे, आणि गेल्या महिन्याची फी वेळेवर मिळाली आहे.